शेपूट घालणारा स्नायू

सोमवार, ३

पोचले एकदाची, आणि तीही सामानासारखी, मागच्या सीटवर आडवी पडून! निम्म्या गावाला गाडी शिकवणारी मी, पण सगळा रस्ता गाडीचं छत बघत काढला. नवरोबांनी दोन वळणं चुकीच्या गिअरमध्ये घेतली, ती मला पडल्यापडल्या कळली. तरी बोलले नाही. आज भांडायचा मूडच नव्हता.

जागा मस्त आहे. हॉस्पिटलच्या मागे बैठी इमारत, लांबच लांब कॉरिडॉर, त्याच्या एका अंगाला आमच्या खोल्या आणि टोकाला हॉल. हॉलमध्ये खुर्च्या औषधापुरत्या आणि टेबलं छातीएवढी उंच. सगळ्या बायका उभ्यानं जेवतात! गेली चार वर्षं ज्या घरी जावं तिथं ‘अहो बसा ना, बसा की’ ऐकून माझे कान किटले होते. इथं कुणी चुकूनसुद्धा बसा म्हणत नाही. मला दारातच हसू फुटलं, आणि नवरा ओशाळून तिथल्या बायकांना सॉरी म्हणायला लागला.

दुखणं एकदा नीट लिहून टाकते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, वरचं सगळं तिनं तोलून धरलेलं असतं. माझी लेक मुंगी झाली तेव्हा माझी झोळी आवळली गेली ती सुटलीच नाही. बसलं की आतून कुणी पक्कड लावून पिळतंय असं होतं. तपासण्या सगळ्या नॉर्मल. एका डॉक्टरनं सांगितलं हवापालट करा, जाऊबाईंनी सांगितलं मन रमवा. मन काय रमवणार, कप्पाळ! ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, त्यावर पाय ठेवून दिवसभर बसायचं काम. ते सुटलं.

पण खरं सांगायचं तर कामाचं मला तितकं नाही. मुंगी चार वर्षांची झाली आणि मी तिला एकदाही मांडीवर घेऊन बसलेले नाही. झोपून कुशीत घेते, उभ्यानं कडेवर घेते. मागे तिनं मला विचारलं होतं की आई, तुला मांडी नाहीये का. मी तेवढ्यासाठी आले आहे.

बुधवार, ५

शेजारणींशी ओळख झाली. डावीकडे टेलरकाकू. उभा जन्म शिलाई मशीनवर बसून काढला, त्यातून हे दुखणं. आल्या आल्या त्यांनी तपासणीच्या खोलीतले पडदे बघून नाक मुरडलं आणि सुईदोरा मागवला. उजवीकडे सायकलवाली. शर्यती मारायची पोरगी, सीटनं घात केला. मला ताई म्हणते आणि माझ्या पानातलं गोड बिनदिक्कत उचलते.

आज डॉक्टरबाईंनी औषधाच्या चाचणीचं सगळं समजावून सांगितलं. दिसायला सारख्याच तीन बाटल्या. एकीतलं औषध आवळलेला स्नायू सैल करतं, पण चार-सहा दिवसांनी. दुसरीतलं जागा नुसती बधिर करतं. तिसरीत मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं ते आम्हाला ठाऊक नसणार आणि सुई टोचणाऱ्या बाईंनाही नसणार, नाहीतर माणूस उगाच बरं वाटल्यासारखं करतो म्हणे. पहिल्या खेपेला गुण आला नाही त्यांना दुसऱ्या खेपेला सैल करणारंच देणार. म्हणजे नंबर लागणार, उशिरा का होईना.

मोजमाप फिजिओ करते. बडबडी आहे, मला आवडली. तीन खाटा, मध्ये पडदे, प्रत्येकीच्या उशाशी एक स्क्रीन. बोटाएवढी सळई आत ठेवतात, जिची तिची वेगळी, आणि स्नायू किती आवळलाय त्याची रेघ स्क्रीनवर सरकत राहते. आवळा म्हटलं की वर, सोडा म्हटलं की खाली. माझी खाली यायचं नावच घेत नाही.

लाज म्हणाल तर पहिल्याच दिवशी खुंटीला टांगली.

फिजिओनं एक गंमत सांगितली. हा मूळचा शेपटीचा स्नायू. माणसाची शेपूट गेली, पण शेपूट घालणारा स्नायू राहिला. भीतीची चाहूल लागली की अंगातला सगळ्यात आधी हाच आवळतो, डोक्याला पत्ता लागायच्याही आधी. त्यावर पडद्यापलीकडून सायकलवाली म्हणाली की म्हणजे आपण तिघी या गावातल्या सगळ्यात मोठ्या भित्र्या. इतक्या हसलो, आणि हसल्यावर तिघींनाही दुखलं.

शुक्रवार, ७

काल सुया झाल्या. डॉक्टरबाई आतून बोटानं चाचपत गाठ शोधतात आणि बरोबर तिथं टोचतात. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण त्यांचा हात हलका आहे. सायकलवालीनं दोन सणसणीत शिव्या हासडल्या आणि मग दिवसभर माफी मागत फिरली. टेलरकाकू म्हणाल्या की सुईला काय घाबरायचं, जन्म तिच्यावर काढलाय.

मला अजून काही फरक नाही. फोनवर मुंगीनं विचारलं, मांडी आली का. म्हटलं, येतेय.

मंगळवार, ११

आज एक विचित्र प्रकार झाला.

दुपारी तिघी मापाला पडलो होतो. दारापाशी सायकलवाली, मध्ये काकू, खिडकीशी मी. फिजिओ नेहमीप्रमाणे गप्प राहा म्हणाली होती. एकाएकी सायकलवाली कण्हली. तिची रेघ वर गेली. ती खाली येईतो काकूंची वर गेली. त्यांची उतरली आणि माझी चढली. आई गं, काय कळ होती! मग परत तसंच, माझ्याकडून काकू, काकूंकडून दार.

फिजिओनं वायरींना नावं ठेवली, अर्थिंग गेलंय म्हणाली, तारा बदलल्या. असेल. पण मी रोज गाडीत बसून रस्त्यावर काय पुढे येतंय ते बघत असे. एकामागून एक, सावकाश, मग वळून परत. तो वायरीचा बिघाड वाटला नाही मला. कुणीतरी खाटांच्या पायथ्याशी चालत आलं आणि गेलं, असं वाटलं.

लिहून झाल्यावर माझं मलाच हसू आलं. रिकामपण वाईट.

गुरुवार, १३

काकूंना गुण आला! सकाळी हॉलमध्ये गेले तर बाई चक्क बाकावर बसलेल्या. पाय हलवत. डोळ्यांत पाणी. माप घेतलं तर रेघ सपाट, जमिनीला टेकलेली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्यांच्याजवळ अभिनंदन करायला गेले आणि मला अशी कळ आली की टेबल धरावं लागलं. मनात म्हटलं, बाई, इतका जळफळाट बरा नव्हे. दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं ते हेच.

शनिवार, १५

जळफळाट नाही तो.

आज परत झालं. आधी सायकलवालीची रेघ चढली. मग मधली चढायला हवी होती, पण काकूंची आता चढतच नाही. त्या पडद्याआड छान गुणगुणत होत्या. आणि माझी अर्धी चढली. सायकलवालीची अर्धी उतरली. दोघींच्या तिथंच थांबल्या. किती वेळ तरी.

आमच्या दोघींच्या बरोबर मध्ये काकूंची खाट.

सायकलवालीनं नंतर मला बाजूला घेऊन विचारलं की ताई, तुम्हालाही तसंच वाटलं का. तिला काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फिजिओला सांगितलं तर म्हणाली, मशीन बदलून मागवते.

सोमवार, १७

काकू दिवसभर बाकावर शिवत बसतात. पण मधोमध नाही, एका कडेला, अगदी पडतील अशा. उरलेला बाक मोकळा. नीट बसा म्हटलं तर म्हणाल्या की मग हिनं कुठं बसायचं. हिनं म्हणजे कुणी, ते विचारल्यावर माझ्याकडे बघून हसल्या. प्रश्न समजलाच नाही असं हसणं.

सुई त्यांच्या बोटात आरपार गेली होती. पडद्याचं कापड बोटासकट शिवलं जात होतं आणि त्या गुणगुणत होत्या. मी किंचाळले. त्या दचकल्यासुद्धा नाहीत.

मी धावत जाऊन डॉक्टरबाईंना आणलं. बाकापर्यंत जाताना कळेनं माझी दातखीळ बसायची वेळ आली होती. डॉक्टरबाईंनी टाके घातले. म्हणाल्या, हे औषध फक्त त्या एका स्नायूवर काम करतं, बोटाशी त्याचा काही संबंध नाही. मग स्वतःच पोटावर हात दाबून उभ्या राहिल्या. चेहरा उतरला होता. सकाळपासून खाल्लं नाही म्हणून असेल, असं त्यांनी आम्हाला सांगितलं.

त्यांनाही कळतंय. फक्त त्यांना ती भूक वाटते.

मंगळवार, १८

काकू गेल्या.

खोली उघडी, चपला जागेवर, सुईदोरा बाकावर. वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, दुपारी गेटातून बाहेर पडल्या की, सोबत घरचं माणूस होतं. बाई का पुरुष, तर आठवेना. उंच का बुटकं, आठवेना. हातात हात घेऊन चाललं होतं एवढं आठवतं. चपला नाहीत हे दिसलं नाही का विचारलं, तर ते वरमले. म्हणाले, नेमकी तेव्हाच पोटात जोराची कळ आली, मी टॉयलेटकडे पळालो.

सगळ्यांच्या अंगाला कळतं. आणि सगळे त्याला दुसरंच नाव देतात.

बुधवार, १९

काकूंचा नवरा आला. त्यांना न्यायला कुणीच आलं नव्हतं. त्या घरी पोचलेल्या नाहीत. म्हातारा बाकाकडे बघून लहान मुलासारखा रडला. पोलीस आले, गेले.

आमच्या दुखण्याला सगळे आजार म्हणाले. आवळलाय, सैल करा. कुणी विचारलं नाही की आवळलाय तर कशाला. माझं घरचं दुखणं बाळंतपणाचं असेल, नक्की तेच. पण इथलं नाही. इथं तो पहाऱ्यावर आहे. आणि आम्ही आपखुशीनं त्याला सुई टोचून झोपवतोय.

मी दुसरी सुई घेणार नाही. नवऱ्याला फोन केला, न्यायला ये. कामावरून रविवारी सुटका होईल म्हणाला. घाबरतेस कशाला, एवढी आलीस तर पूर्ण करून ये. सायकलवालीलाही निघ म्हटलं. तिला ताप आहे, म्हणून तिची सुई लांबली. सुटली बिचारी.

कळ थांबत नाहीये. दुपारपासून एकसारखी. पूर्वी यायची आणि जायची. आता जात नाही.

म्हणजे ते काकूंना सोडून आलं. माझ्या खोलीत —

गुरुवार, २०

घेतली.

लिहायची लाज वाटते. रात्रभर उभी होते, सकाळी उभंही राहवेना. भिंतीला टेकून ओरडत होते. खाटेच्या या बाजूला असह्य, त्या बाजूला जरा कमी. मग तिकडेही असह्य. ते सरकत होतं माझ्यामागे.

डॉक्टरबाईंनी विचारलं, नक्की ना. मीच त्यांचा हात धरला. टोचा म्हटलं, लवकर टोचा. मुंगीचं तोंड डोळ्यांपुढे आणलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मुंगीसाठी नव्हतं ते. मला फक्त ती कळ थांबायला हवी होती.

आता चार-सहा दिवस.

सोमवार, २४

रविवारी नवरा आलाच नाही. काम वाढलं. पुढच्या रविवारी नक्की, मुंगीला घेऊन.

कळ उतरते आहे. रोज थोडी थोडी. कुणाला सांगू, की बरं वाटतंय याची भीती वाटते.

बुधवार, २६

रेघ सपाट.

बसले. खुर्चीवर. काहीही झालं नाही. चार वर्षांनी. मांडीवर उशी घेऊन बसून राहिले आणि ढसाढसा रडले. इतकं सुख. देवा, इतकं सुख असतं साध्या बसण्यात!

मग लक्षात आलं, आता मला काहीच कळणार नाही.

दाराशी असेल. खाटेशी असेल. शेजारी —

शुक्रवार, २८

सायकलवालीला हाक मारली. ये आणि मला सांग. ती कॉरिडॉरमधून आली, उंबऱ्यापाशी थांबली. पांढरीफटक. मांड्या आवळून. मान हलवली, नाही येत म्हणून. माझ्या डावीकडे बघत होती. तिथं काही नव्हतं. दिसण्यासारखं काही नव्हतं.

नवऱ्याला फोन. येऊ नका म्हटलं. हात जोडते. तो चिडला. बरी झालीस म्हणतेस आणि येऊ नका म्हणतेस? मुंगीनं बॅग भरलीय.

सांगू काय त्याला? काय सांगू —

जेवताना पाहिलं. खुर्चीच्या कडेला बसले होते. सरकून. कधी सरकले?

रविवार, ३०, दुपार

आले. अडवता आलं नाही. मुंगी धावत आली, दारातून, आई आई करत. आणि मध्येच थांबली.

पायांना पाय गुंडाळून. हात खाली दाबून. शू आली म्हणाली. नवऱ्यानं नेलं. झाली नाही. परत आली, परत तसंच, पाय गुंडाळून. तिचे बाबा हसले. लाजतेय म्हणाले. ये म्हणाले, आईच्या मांडीवर बस, केवढी वाट बघत होतीस.

मी मांडी पसरून बसले होते आणि माझी लेक येईना.

तिचं अंग खोटं बोलत नाही. तिथंच कळलं. ते माझ्याजवळ आहे. मला चिकटलंय. मी घरी गेले तर घरी येणार.

मी ओरडले. घेऊन जा तिला. मला भेटायचं नाही. मुंगी रडायला लागली. नवरा माझ्याकडे असा बघत होता की — बघू दे. वेडी म्हणू दे. निघाले. गाडी गेटाबाहेर गेली, मी खिडकीतून पाहिलं. छातीवरचं ओझं उतरलं.

राहीन इथंच. एकटी. माझ्याशी काय करायचं ते करो.

संध्याकाळ

सायकलवाली आली. आपणहून. खोलीत. आत.

माझ्या खाटेवर बसली. चेहरा मोकळा. म्हणाली, ताई, आज दुपारपासून दुखायचं थांबलंय, सुई न घेता. डावीकडे जा म्हटलं. गेली. खिडकीशी जा. गेली. माझ्याजवळ बस. बसली. काही नाही. कुठेच काही नाही म्हणते.

कधीपासून, विचारलं. नीट आठव.

ती म्हणाली, तुमची गाडी गेली तेव्हापासून.

मुंगी आवळली होती ती माझ्यामुळे नव्हे — ते माझ्याजवळ नव्हतंच — तिच्या मागे उभं — आणि मी, मी हाकलली तिला, त्याच्याबरोबर —

फोन लागत नाही.

लागत नाही.

लागला. लिहितेय, हात थांबला तर मी किंचाळेन. गाडी थांबव म्हटलं. थांबव आणि मुंगीला पुढे घे, आत्ता. तो शांत आहे. किती शांत बोलतोय. म्हणतो, वाटभर शू शू करून रडत होती, सारखी थांबवावी लागली गाडी, पण आता गप्प झाली, काळजी करू नकोस. मागे झोपलीय, तिच्या मांडीवर.

कुणाच्या म्हटलं. अरे, कुणाच्या मांडी —